खुर्चीतला होकार

कानाला चिमटा लावायचा आणि पायात काय वाटतंय ते विचारायचं, ही हेमलता कणसेची नोकरी होती. ऐकणाऱ्याला हसू यायचं. तिच्या थोरल्या जावेने तर बारशाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "म्हणजे कान पिळायचा पगार देतात होय गं तुला?" हेमलता म्हणाली, "देतात की. तुमचा पिळायचा असेल तर फुकटात पिळते."

सव्वीस वर्षं तिने आरोग्यसेविका म्हणून कराडच्या आसपासच्या वाड्यावस्त्या पायी तुडवल्या होत्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना, तेव्हा डॉ. मृण्मयी अभ्यंकर यांनी तिला आपल्या संशोधन केंद्रात बोलावून घेतलं. डॉक्टरबाई पुण्याच्या, वयाने तिच्या मुलीएवढ्या आणि हुशार, पण पेशंटला विचारायच्या, "संवेदनेचं स्वरूप काय आहे?" पेशंट घाबरून म्हणायचा, "तसलं काय न्हाय बघा मला." हेमलताने विचारलं की माणसं मोकळी व्हायची. केंद्राच्या छापील फॉर्मवर पाच शब्द होते: कोमट, जड, मुंग्या, वाहणं, दुखणं. पहिल्याच आठवड्यात तिने फॉर्मच्या कोऱ्या बाजूला आणखी बावीस शब्द लिहून काढले. हुळहुळ वेगळी, चरचर वेगळी, रवरव आणखी वेगळी. भगभग म्हणणाऱ्याला कोमट म्हणून कसं चालेल?

मूळ कल्पना जुनीच होती. आईच्या पोटात मूल उलटं असतं, तसा सगळ्या शरीराचा नकाशा कानावर असतो, डोकं खाली पाळीत आणि पाय वरच्या वळणात, असं सुया टोचून उपचार करणारे कधीपासून सांगत आले होते. अभ्यंकर बाईंचं म्हणणं असं की नकाशा ढोबळ आहे, पण अगदीच खोटा नाही. कानाच्या एवढ्याशा जागेत तीन-चार नसांची टोकं दाटीवाटीने येऊन बसलेली असतात. त्यातला नेमका बिंदू सापडला आणि त्याला नेमक्या ठेक्यात अगदी बारीक विद्युतप्रवाह दिला, तर मेंदूला वाटतं की पायातच काहीतरी झालं.

हा शोध उपयोगी पडणार होता तो ज्यांच्या पायांच्या नसा मधुमेहाने निकामी केल्या होत्या त्यांना. अशा माणसाच्या तळव्यात काटा मोडला तरी कळत नाही. पण मेंदूतली पायाची जागा मात्र शाबूत असते, नुसती रिकामी पडलेली. पुढचं दार बंद झालंय, तर मागच्या दाराने जायचं. बुटाच्या आतल्या तळाशी सात संवेदक बसवायचे, पायाखाली टोचलं, भाजलं, दबलं की त्यांनी कानातल्या चिमट्याला कळवायचं आणि चिमट्याने मेंदूला.

अडचण एकच. हा बिंदू प्रत्येकाच्या कानात निराळ्या जागी आणि अर्ध्या मिलिमीटरचा. तो शोधायचा तर प्रवाह सोडायचा आणि माणसाला विचारायचं, काय वाटतंय आणि कुठे. विचारण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

चिमटा कानाच्या वरच्या वळणाला बसायचा, म्हणून सगळे त्याला बुगडी म्हणत. बायका ती मिरवायच्या. पुरुष लाजायचे, आणि सगळ्यांत जास्त लाजायचा तो नऊ नंबरचा पेशंट, शहाजी कणसे. हेमलताचा नवरा.

कणसे सर हायस्कूलला खेळाचे शिक्षक होते आणि तीस वर्षं कबड्डीचे पंच. मैदानावर त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकदा सख्ख्या भाच्याला त्यांनी शेवटच्या चढाईत बाद दिलं होतं आणि भाऊबीजेला बहिणीने दार उघडलं नव्हतं. पण घरात हाच माणूस लोण्याचा. भाजी करपली तरी छान, साडी भडक निघाली तरी छान. कोणी पाहुण्याने चहात साखरेऐवजी मीठ घातलं असतं तर सरांनी कप रिकामा करून वर "आणखी अर्धा चालेल" म्हटलं असतं.

नऊ वर्षांपासून त्यांचे तळवे बधिर होते. दोन वर्षांपूर्वी थंडीत ते पेपर वाचत गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले. पाणी किती गरम आहे हे हेमलताने येऊन बादलीला हात लावला तेव्हा कळलं, तोवर कातडी सोलून निघाली होती. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. सर्जनने स्पष्ट सांगितलं, पुढची जखम झाली तर घोट्यापर्यंत जाईल. तेव्हापासून मैदान बंद. रोज संध्याकाळी हेमलता त्यांचे पाय मांडीवर घेऊन तळवे इंच इंच तपासायची आणि ते छताकडे बघत राहायचे.

म्हणून फेब्रुवारीत, खुर्चीत बसलेले सर जेव्हा म्हणाले, "हेमा, अंगठ्यापासून टाचेपर्यंत कोणीतरी कोमट पाणी सोडल्यागत वाटतंय," तेव्हा हेमलताचं पेन थांबलं. तिने पुन्हा विचारलं. "व्हय, कोमटच," सर म्हणाले. तिने लिहिलं: बिंदू अठरा, कोमट, वाहणं. मग बाहेर जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

नवीन बुटांची पहिली, चाचणीची जोडी त्यांनाच मिळणार असं ठरलं. सरांनी त्याच दिवशी जिल्हा निवड चाचणीच्या सामन्यांना पंच म्हणून होकार कळवला. मेच्या अखेरीस, चार दिवस, सकाळ-संध्याकाळ मैदानात उभं राहायचं.

*

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी इरफान मुल्ला हेमलताच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. यंत्राची सगळी देखभाल त्याच्याकडे असायची. चाळिशीचा, कामाला चोख माणूस, पण आज चेहरा उतरलेला.

"ताई, एक घोळ झालाय. बुधवारी नवीन सिस्टरांना शिकवायला मी यंत्र सरावावर टाकलं होतं. पडद्यावर आकडे दिसतात, पण बुगडीत करंट जात नाही. ते परत फिरवायचं राहिलं. आज सकाळी बघितलं."

"म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार..."

"तिन्ही दिवस कुणाच्या कानात काही गेलं नाही."

हेमलताने त्या तीन दिवसांचे फॉर्म काढले. अकरा माणसं खुर्चीत बसून गेली होती. त्यातल्या दहांनी काही ना काही वाटल्याचं सांगितलं होतं. हौसाबाई जगदाळे म्हणाल्या होत्या, "ग्वाड मुंग्या येत्यात." एका निवृत्त तलाठ्यांनी जडपणा टक्क्यांत सांगितला होता. आणि शनिवारी, नऊ नंबर: "कोमट पाणी. मागच्या खेपेपेक्षा जरा जास्तच."

अक्षर तिचंच होतं.

*

"शनिवारी तुमच्या कानात काहीच सोडलेलं नव्हतं," घरी गेल्या गेल्या ती म्हणाली.

सर शेंगा सोलत होते. हात थांबला. "काय सांगतेस?"

"यंत्र बंद होतं. तुम्ही म्हणालात, जरा जास्तच कोमट."

"कधीच काही वाटलं नाही गं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तू विचारलंस तेव्हा वाटलं, असेल काहीतरी. तुझं तोंड इतकं फुललं! मग पुढच्या खेपेला नाही कसं म्हणू?"

"मैदानावर बरं येतं 'नाही' म्हणायला!"

"मैदानावर तू नसतेस समोर." त्यांनी टरफलं गोळा केली. "रोज माझे पाय मांडीवर घेऊन बसतेस. लाज वाटते मला. म्हटलं, यातून तरी सुटशील."

हेमलताला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या त्या होकारापायी बूट घालून मैदानावर गेला असता. मी पाय बघायचं सोडलं असतं. आणि एक दिवस तो पाय कापून आणला असता!"

"आता खरं सांगेन. शप्पथ."

"आता काय उपयोग? आता नाही म्हणालात तरी मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाल."

"सामने कळवून टाकतो, जमणार नाही म्हणून," सर हळूच म्हणाले.

"काही कळवायचं नाही," हेमलता म्हणाली. "अजून अडीच महिने आहेत."

*

अभ्यंकर बाईंनी फॉर्म चाळले. त्यांचा रंग उतरला, पण आवाज शांत होता. "हेमाताई, असा भास थोडाफार प्रत्येक प्रयोगात येतो. आपण हे तीन दिवस वगळू. शुक्रवारी आपलं काम तपासायला समिती येतेय. तिने मान्यता दिली तर चाळीस जणांना बूट मिळतील."

"तीन दिवस वगळून काय होणार, मॅडम? सहा महिन्यांत खरं कोण बोललं आणि खोटं कोण, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही."

"माणसं इतकं खोटं का बोलतील? आपण काही त्यांना बक्षीस देत नाही."

"ती खोटं बोलत नाहीत, मॅडम. ती मन मोडत नाहीत." हेमलता पुढे सरकून बसली. "मी घरोघरी फिरलेय. गोळ्या घेतल्या का विचारलं की सगळे हो म्हणायचे. परसात गेलं की केरात गोळ्या दिसायच्या. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, जवळ बसून प्रेमाने विचारता. तुम्हाला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे वाढलेलं ताट सरकवल्यासारखं वाटतं त्यांना."

"मग शुक्रवारी समितीला काय सांगू?"

"हेच सांगा. पहिला बूट माझ्या नवऱ्याच्या पायात जाणार आहे. खोट्या बिंदूवरचा बूट मी घालू देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याच्याही पायात जाऊ देणार नाही. त्यापेक्षा मला काढून टाका."

सहा महिन्यांची मेहनत होती ती, हेमलतालाही वाईट वाटत होतं. मग बाईंनी फोन उचलला आणि समितीला कळवलं, आमच्या पद्धतीत दोष सापडला आहे, वर्षअखेरीस या. फोन ठेवून म्हणाल्या, "बोला. आता विचारायचं कसं?"

"विचारायचंच नाही."

हे तिला सुचलं होतं ते सकाळी बाहेरच्या बाकड्यापाशी. तपासणीच्या खोलीत शिरलेला माणूस शहाण्यासारखा बसायचा, 'बरं हाय' म्हणायचा. तोच माणूस बाहेर बाकड्यावर नंबराची वाट बघताना तोंडाला खळ पडू द्यायचा नाही. पंख्याचा वारा लागतो, चप्पल चावते, सुनेला स्वयंपाक येत नाही, गुडघा ठणकतो. कोणी विचारलेलं नसताना.

"यंत्र बाकड्यावर न्यायचं," हेमलता म्हणाली. "बुगडी आधीच लावून ठेवायची. तुमचा नंबर यायचाय म्हणायचं आणि गप्पा मारू द्यायच्या."

बाई पहिल्यांदाच हसल्या. पण अट घातली. सगळ्यांकडून आधी लेखी संमती घ्यायची, की प्रवाह केव्हा चालू आणि केव्हा बंद हे सांगितलं जाणार नाही. शिवाय बाकड्याशी बसणाऱ्या हेमलतालाही ते माहीत नसेल. यंत्राच्या खोलीतून फक्त इरफान ते चालवेल. "कारण तुमचा चेहरा फार बोलतो, हेमाताई."

संमतीच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या आणि कागद सगळे विसरले.

*

तिसऱ्या दिवशी हौसाबाई सुनेच्या भाकरीबद्दल बोलता बोलता एकदम पाय वर घेऊन बसल्या. "अगं बया! टाचंला काय चावलं हे?" बाकड्याखाली वाकून मुंगी शोधली, शेजारच्यालाही शोधायला लावली. "रोज फिनेल टाकता का न्हाय गं तुम्ही?" हेमलताने मान खाली घालून वेळ टिपली. इरफानच्या वहीशी ताडून पाहिलं तर बरोबर त्या मिनिटाला प्रवाह चालू होता, बिंदू सव्वीस. पुढच्या दोन खेपांनाही त्याच बिंदूला हौसाबाईंनी केंद्राच्या स्वच्छतेचा उद्धार केला. सहा महिने ज्या बाईला 'ग्वाड मुंग्या' येत होत्या, तिला खरी मुंगी आता चावली होती.

एप्रिल संपेपर्यंत चौदा माणसांचे बिंदू सापडले. सरांचा सापडला नाही.

ते एक दिवसाआड येत. बाकड्यावर बसले की कबड्डी सुरू. कोणता संघ कच्चा, कोणाची पकड चांगली, पाय रेषेला लागला की नाही हे धुळीवरून कसं ओळखावं. शेजारचे ऐकून ऐकून जागा बदलायचे. हेमलता शेजारी वही घेऊन बसायची आणि वही कोरी राहायची. इरफान यंत्रावरून बुगडीतला प्रवाह अर्धा अर्धा मिलिमीटर पुढे सरकवत होता. वीस बिंदू झाले. चाळीस झाले.

"पाचांतल्या एकाला तो बिंदू नसतोच असं दिसतंय," अभ्यंकर बाईंनी एकदा जवळ बसवून सांगितलं. "सरांना सामन्यांना नाही म्हणायला सांगा."

"उजवा कान झाला," हेमलता म्हणाली. "डावा राहिलाय."

"हेमाताई, दोन्ही पाय बधिर आहेत, पण बोट काढलेला पाय उजवा, म्हणून आपण त्याच बाजूचा कान..."

"डावा राहिलाय, मॅडम."

डावा कान सुरू झाला. घरी दोघं या विषयावर बोलत नसत. विचारायचं नाही असं तिने स्वतःला बजावूनच ठेवलं होतं आणि ते फार जड जात होतं. जेवताना ते पाय हलवायचे तरी तिच्या जिभेवर प्रश्न यायचा. ती पाण्याचा घोट घ्यायची.

मेच्या बारा तारखेला सर एका निवृत्त कंडक्टरला बोनस रेषा समजावत होते. "चढाई करणाऱ्याचा एक पाय रेषेच्या पलीकडे टेकला पाहिजे, आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत..." बोलता बोलता त्यांनी उजव्या पायाची चप्पल काढली आणि डाव्या पायाच्या नखांनी उजवा तळवा खाजवला. "...दुसरा पाय हवेत हवा. दोन्ही टेकले तर गुण नाही."

हेमलताने वेळ लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं.

चार मिनिटांनी त्यांनी पुन्हा खाजवलं. सरांचं लक्षच नव्हतं, ते कंडक्टरच्या पायाने बोनस रेषा आखून दाखवत होते. नऊ वर्षांत त्या तळव्याला खाज आलेली तिने पाहिली नव्हती. तिसऱ्यांदा खाजवलं तेव्हा ती उठून यंत्राच्या खोलीत गेली. इरफानने वही पुढे केली. तीन वेळा, तिन्ही वेळा चालू. डावा कान, बिंदू एकतीस.

तरी बाईंनी आणखी चार बैठका घेतल्या. दोनदा मुद्दाम प्रवाह बंद ठेवला आणि दोन्ही वेळा पाय चपलेत शांत राहिला. मगच सरांना सांगायची परवानगी मिळाली.

ते ऐकून सर आधी हसले. मग त्यांनी चप्पल काढून स्वतःचा तळवा हातात घेतला, अनोळखी वस्तू बघावी तसा उलटसुलट केला. "मी खाजवलं?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "मी?"

*

बूट तयार झाले ते सामन्यांच्या पाच दिवस आधी. पहिल्या दिवशी सर अंगणात चालले आणि फरशी, माती, पायपुसणं यांतला फरक त्यांना कळेना, सगळीच खाज. दुसऱ्या दिवशी खाजेत कमी-जास्त कळू लागलं. मेंदू शिकत होता. तिसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर ते गच्चीवरून लगबगीने खाली आले आणि बुटांचे तळ चाचपत सावलीत बसले. हेमलताने काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी बाईंनी तपासणी करून सामन्यांची परवानगी दिली. संध्याकाळी पाय बघणं मात्र सुटणार नाही असं हेमलताने बजावलं, आणि सरांनी मान डोलावली.

मैदान भरलं होतं. पंच कानात बुगडी घालून आलेले पाहताच पोरांनी शिट्ट्या मारल्या. "सर, नथ कुठाय?" एकजण ओरडला. सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला.

हेमलता कडेला खुर्ची टाकून बसली होती. दुसऱ्या सत्रात गुण बरोबरीत आले आणि मैदान उभं राहिलं. चढाई सुरू झाली. सगळ्यांचे डोळे चढाई करणाऱ्या पोरावर, हेमलताचे सरांच्या पायांवर. म्हणून ते तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. सरांनी उजव्या पायावरचं वजन काढून डाव्यावर घेतलं. पुन्हा उजवा टेकला, पुन्हा उचलला. चेहरा मख्ख. नजर रेषेवर. पोरगा निसटून मध्यरेषेवर झेपावला, तिघांनी त्याला ओढला, धुरळा उठला.

शिट्टी वाजली. सरांनी हात केला. बाद. एका बाजूने जल्लोष, दुसऱ्या बाजूने शिव्या. पोरगा पाया पडून सांगत होता की रेषेला हात लागला होता. सरांनी मान हलवली. नाही.

मग त्यांनी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला.

"काय झालं? काय झालं?" लोक विचारू लागले. सर लंगडत कडेला आले आणि भर मैदानात मातीत बसले. बुटाची नाडी सोडली. हेमलता खुर्चीतून अर्धी उठली होती. तिच्या ओठांवर आलेला प्रश्न तिने दातांखाली धरला.

सरांनी बूट उलटा करून झटकला. हरभऱ्याएवढा खडा पडला. त्यांनी तो बोटांत धरून क्षणभर पाहिला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई टोचत होता."

हेमलता भर गर्दीत, पदर तोंडाला न लावता रडू लागली. सरांनी खडा रेषेबाहेर टाकला, नाडी घट्ट बांधली आणि उठून शिट्टी फुंकली.